लख्खबाईंचं मशीन

त्या शनिवारी आई माझ्यावर दोनदा ओरडली. एकदा मी तिचा स्क्रूड्रायव्हर पुस्तकात खूण म्हणून ठेवला म्हणून, आणि एकदा चहात साखर नाही म्हणून. चहा बाबांनी केला होता. पण बाबांवर ओरडून उपयोग नसतो, असं तिचं संसारभराचं निरीक्षण होतं, तेव्हा त्यांच्या वाटचंही मलाच मिळायचं. इतका साधा दिवस होता तो.

आई फरशी धुण्यापुसण्याची मशीनं दुरुस्त करायची. घराच्या खालचा गाळा हेच तिचं दुकान. भिंतीवर रबरी नळ्यांची वेटोळी, कोपऱ्यात ब्रशांची चळत, मधोमध लोखंडी टेबल आणि टेबलाला घट्ट बसवलेला पकडशेगडा, म्हणजे वस्तू कापताना धरून ठेवणारा तिचा तिसरा हात. बाबा बसचालक होते. निवृत्त झाल्यापासून दुकानाचा टेम्पो ते चालवायचे आणि चहाही तेच करायचे, साखरेसह किंवा साखरेविना. मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. शनिवारी तपासायचे कागद घेऊन गाळ्यात यायचे आणि पालथ्या डब्यावर बसून काम करायचे. घरी शांतता असायची, पण मला चुका सापडायच्या त्या आईच्या खडखडाटात.

दुपारी बाबांनी टेम्पोतून एक मशीन उतरवलं. बरोबर एक बाई आल्या. मशीनच्या दांड्यावर हात ठेवून त्या अशा चालत होत्या, जसं कुणी आपल्या माणसाला दवाखान्यात घेऊन येतं. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. गावाबाहेरच्या वृद्धनिवासात त्या साफसफाई करायच्या. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांचं नाव ‘लख्खबाई’ ठेवलं होतं, आणि आता ते त्यांना स्वतःलाही खरं वाटायचं.

“ताई, हे मागून पाणी थुंकतंय,” लख्खबाई म्हणाल्या. “मागच्या वेळी मोटर जळली. साहेबांनी नवी बसवली. आता तिचाही आवाज बदललाय.”

“बसा. मशीनला काय झालंय ते मशीन सांगेल. तुम्हाला काय झालंय?”

लख्खबाईंनी मनगट वर केलं. “पडले होते जिन्यात. हाड जुळलं, पण पिळता येत नाही. पोछा पिळायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. हे मशीन आहे म्हणून माझी नोकरी आहे हो. साहेब म्हणाले, मंगळवारपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर मशीन भंगारात आणि बाहेरची माणसं कामाला.”

“मंगळवारी देते,” आई म्हणाली. झाकण अजून उघडलंही नव्हतं.

“बघण्याआधीच शब्द देतेस?” मी डब्यावरून म्हणाले.

“तू पुस्तक वाचण्याआधी किंमत बघतेस ना? तसंच.”

तिनं टाकीत बादलीभर पाणी ओतलं, माझ्याकडून रद्दीतला एक छापील कागद मागून घेतला आणि मशीन चालू केलं. जिथून हवा बाहेर पडते तिथं तो कागद धरला. ही तिची परीक्षा. कोऱ्या कागदावर बारीक तुषार दिसत नाहीत, पण छापलेल्या कागदावर शाई पसरते. कागद हातात घेऊन ती माझ्याकडे वळली. “बघ. तुझ्या लेखकाला सर्दी झालीये.” अक्षरांना खरंच पाय फुटले होते.

“म्हणजे काय झालं?” लख्खबाईंनी विचारलं.

आईला हे सांगायला फार आवडायचं. लहानपणी मला झोपवताना तिनं राजाराणीच्या गोष्टी फारशा सांगितल्या नाहीत, हीच सांगितली.

“मशीन पुढं साबणाचं पाणी सोडतं, ब्रश घासतो, मागची रबराची पुसणी ते घाण पाणी गोळा करते. इथवर तुम्हाला माहीत आहे. पण ते पाणी वर टाकीत कोण आणतं? मोटर. आणि मोटर पाणी ओढतच नाही. ती ओढते हवा. हवा येताना पाण्याला बोटाला धरून घेऊन येते. टाकीत पोचल्यावर मात्र दोघांची ताटातूट झाली पाहिजे. पाण्यानं खाली बसायचं आणि हवेनं एकटीनं मोटरीकडे जायचं. बरोबर घेऊन गेली, तर मोटरीला अंघोळ. आणि मोटरीची पहिली अंघोळ ती शेवटची.”

“मग सुटतात कशी दोघं?”

“हवेची घाई मोडायची. नळी अरुंद, तिच्यातून हवा पळत येते. पळती हवा पाणी सोडत नाही. तिला टाकीत ऐसपैस जागा द्यायची, वाटेत एक आडपट्टी ठेवायची, म्हणजे ती पट्टीवर आपटते, वळते, दमते. दमली की हातातलं गळून पडतं. तुमच्याआमच्यासारखंच.”

“आणि टाकीत तो चेंडू असतो, तो कशाला?”

“तो पहारेकरी. टाकी भरली की पाण्यावर तरंगत वर येतो आणि मोटरीचं दार लावतो. पण बावळट आहे. फेसावर तरंगत नाही. साबण जास्त झाला की फेस त्याच्या नाकासमोरून आत जातो.”

“साबण मी मापानंच घालते,” लख्खबाई घाईनं म्हणाल्या.

आईनं टॉर्च घेतला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला डोकं घातलं. बराच वेळ काढलंच नाही. मग आतूनच विचारलं, “टाकी धुतं कोण?”

“मीच. रोज.” लख्खबाईंचा आवाज बारीक झाला.

आई बाहेर आली. लख्खबाईंकडे बघितलं, मग त्यांच्या मनगटाच्या पट्ट्याकडे. “इतकी स्वच्छ टाकी माझ्या टेबलावर आजवर आली नाही,” ती म्हणाली. “चहा घ्या. यात साखर आहे.”

मला ते नुसतं कौतुक वाटलं. लख्खबाई मात्र कप हातात घेऊन पिण्याचं विसरल्या होत्या.

त्या गेल्यावर आईनं वृद्धनिवासाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. “झीज आहे साहेब. जुनी वस्तू, अवयव गळतात. माझेही गळतायत... नाही, नाही, कुणाची चूक नाही. वापरणारी बाई तर सोन्यासारखी आहे. मंगळवारी.”

संध्याकाळपर्यंत ती एका जुन्या जाड प्लास्टिकच्या पिंपाचा तुकडा कापत बसली होती. मी निघाले तेव्हा तुकडा पकडशेगड्यात होता आणि आईच्या केसांत निळा भुसा होता. “उरलेलं उद्या,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वेळी तो शाई पसरणारा कागद आण जास्त. तुमचं चांगलं छापलेलं काही उपयोगाचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिच्यासाठी साखर घातलेला चहा घेऊन गेले. ती झोपेतच गेली होती.

त्यापुढचं मी इथं लिहीत नाही. लोक आले, बसले, गेले. प्रत्येकानं काहीतरी सांगितलं. आईला ओळखणाऱ्या माणसांना तिच्याबद्दल दुःखी चेहऱ्यानं बोलताच येत नव्हतं. सुरुवात रडून व्हायची आणि मधेच कुणीतरी तिचं एखादं वाक्य काढायचं, मग सगळे हसायचे आणि दचकून गप्प व्हायचे. मला त्यांचे आभार मानावेसे वाटत होते.

सोमवारी व्यवस्थापकांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. आधी नीट बोलले, मग अडखळत म्हणाले, “त्या मशीनचं... आता तुम्ही त्रास घेऊ नका. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. तसंही बाहेरच्या लोकांशी बोलणं झालंय.”

“ठरलंय का?” मी विचारलं.

“मशीन नाही म्हटल्यावर ठरल्यातच जमा.”

“उद्या मशीन येईल,” मी म्हणाले. “आईनं शब्द दिलाय.”

फोन ठेवला तेव्हा बाबा दारात उभे होते. “तुला येतं?” त्यांनी विचारलं.

“बघते.”

“म्हणजे येत नाही.”

“बाबा, तुम्ही खाली येऊन बसाल का? नुसते बसा.”

गाळ्यात सगळं तसंच होतं. निळा भुसा टेबलावर, तुकडा पकडशेगड्यात. मी झाकण उलटं केलं आणि टॉर्च धरला. तेव्हा मला दिसलं, आईला काय दिसलं होतं ते. जिथं आडपट्टी असायला हवी तिथं पट्टीच नव्हती. स्क्रूची दोन भोकं होती, आणि तीही इतकी चकचकीत घासलेली की बोट फिरवलं तर काळं लागेना. कुणीतरी ती पट्टी काढून, मागची जागा रोज धुतली होती. नळीतून आलेलं पाणी कुठंही न अडखळता सरळ मोटरीत जात होतं. पहिली मोटर त्यानंच जळली होती.

झीज कसली! आईला शनिवारीच सगळं कळलं होतं. कुणी काढलं, तेही. म्हणून तर तिनं फोनवर ‘कुणाची चूक नाही’ असं सांगितलं होतं, आणि बाजारातून तयार पट्टी मागवायची सोडून गुपचूप स्वतः करायला घेतली होती.

मी तिचा तुकडा हातात घेतला. तीन कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या, चौथी खडबडीत. आणि वरच्या बाजूला, जिथं स्क्रूची भोकं हवीत तिथं भोकं नव्हतीच. त्याऐवजी दोन खाचा होत्या. मला वाटलं, चुकली. थकली असेल. आणि खरं सांगायचं तर तिच्या हाताखालच्या शेवटच्या वस्तूला कानस लावायचा धीरच मला झाला नाही. तो तुकडा मी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला आणि पिंपाचा दुसरा तुकडा कापायला घेतला. नीट दोन भोकं पाडली. शिवाय म्हटलं, थोडी मोठीच करूया. आडपट्टी जितकी मोठी तितकं पाणी जास्त अडणार.

दुपार त्यात गेली. पट्टी बसवली, बादलीभर पाणी ओतलं, मशीन चालू केलं, कागद धरला.

अक्षरं वाहून गेली. आईनं धरलेल्या कागदाहून वाईट.

पुन्हा पाहिलं. पट्टी घट्ट होती. चेंडू मोकळा होता. फेस नव्हता, कारण साबणच नव्हता. मी मशीन बंद केलं आणि पालथ्या डब्यावर बसले. उद्या बाहेरची माणसं येणार, लख्खबाई जाणार, आणि आईचा शब्द माझ्या हातून मोडणार. रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू. भोकं पाडताना मी किती तन्मय झाले होते!

बाबा इतका वेळ खरोखरच नुसते बसले होते. आता उठून टाकीत डोकावले. “हे काय, सगळा रस्ताच अडवलास. एका गाडीपुरती फट ठेवलीयेस.”

“पाणी अडायला नको?”

“मला पाण्याचं कळत नाही. पण रस्ता अरुंद झाला की आम्ही गाडी हळू करायचो. तुझी हवा काय करते?”

“हवा उलट...” मी बोलता बोलता थांबले. “हवा पळते.”

नळी अरुंद, म्हणून हवा पळत येते. हे मी अंक शिकायच्या आधी ऐकलं होतं. मी टाकीतली ऐसपैस जागा काढून घेऊन तिथं दुसरी नळीच तयार केली होती. हवा पट्टीवर आपटत होती खरी, पण दमायच्या ऐवजी फटीतून आणखी जोरात निघत होती, आणि भिंतीवरून खाली ओघळणारं पाणीसुद्धा उचलून नेत होती.

“काय झालं?” बाबा म्हणाले.

“काही नाही. बसचालकाशी लग्न करून आईनं चांगलं केलं.”

“असं ती कधी म्हणाली नाही.”

“तुमच्यावर ओरडायची नाही ना? ती तेच म्हणत होती.”

बाबा वळून चहाच्या भांड्याकडे गेले आणि बराच वेळ तिथंच काहीतरी करत राहिले.

मी फडकं सोडलं. आईचा तुकडा माझ्या पट्टीच्या निम्माही नव्हता. टाकीत धरून पाहिला. आलेलं पाणी अडेल, खालच्या बाजूला वळेल, आणि पलीकडं हवेला फिरायला अख्खी टाकी मोकळी. मग त्या खाचा. मी तुकडा झाकणाच्या आतल्या कडेवर सरकवला. तो आपोआप बसला. कडेला दोन उंचवटे होते, साच्यातच आलेले, माझ्या लक्षातही न आलेले. खाचा बरोबर त्यांच्यावर अडकत होत्या. अंगठ्यानं जरा दाबलं की पट्टी सुटून हातात यायची. स्क्रू नाही, स्क्रूड्रायव्हर नाही. मी डाव्या हातानं करून पाहिलं. एका हातानं निघत होती. एका हातानं बसत होती.

ती चुकली नव्हती. एक मनगट दुखत असलेल्या बाईला रोज धुता यावी म्हणून तिनं पट्टीच वेगळी केली होती.

आता उरली चौथी कड. ती खडबडीत तशीच ठेवली तर तिथं धागे अडकणार, केस अडकणार. मी तुकडा पकडशेगड्यात आवळला आणि कानस घेतली. कानस कशी धरायची, दाब पुढं जाताना द्यायचा आणि मागं येताना उचलायची, हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. पण हातांना येत होतं. डब्यावर बसून दुसऱ्यांच्या चुका शोधताना मी समोर काय बघत होते ते माझ्या हातांनी लक्षात ठेवलं होतं. निळा भुसा पडायला लागला. आईच्या भुशात माझा भुसा मिसळला आणि कुठला कुणाचा ते सांगता येईना. मला वाईट वाटलं नाही. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा मला तिच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं.

पट्टी बसवली. पाणी ओतलं. कागद धरला. मशीन चालू राहू दिलं, बादलीतलं सगळं पाणी ओढून होईपर्यंत. कागद फडफडत होता, आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर जागच्या जागी होतं. त्यात एक वेलांटी चुकलेली होती, तीही मला वाचता आली.

मंगळवारी सकाळी बाबांनी टेम्पो काढला. वृद्धनिवासाच्या दारात लख्खबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागं, खुर्च्या ओढून, सात-आठ म्हातारी माणसं. नाटक सुरू व्हायची वाट बघावी तशी.

“आलं, आलं,” एक आजोबा ओरडले. “लख्खबाई, तुमचं माहेर आलं!”

“गप्प बसा हो, पाय वर घ्या आधी,” लख्खबाई म्हणाल्या.

व्यवस्थापक आले. लख्खबाईंनी डाव्या हातानं दांडा धरला आणि मशीन चालू केलं. लांबच लांब व्हरांडा. पुढं ओली फरशी, मागं कोरडी. मधे जेमतेम मशीनच्या लांबीचं अंतर. एक आजी काठी टेकत लगेच त्या कोरड्या भागावर आल्या आणि पाय घासून बघितला. “निसरडं नाही,” त्यांनी जाहीर केलं. व्यवस्थापकांनी मशीनच्या मागं हात धरला, तळवा उलटसुलट करून पाहिला, आणि खिशातून फोन काढला. “हो, मी बोलतोय,” ते कुणाला तरी म्हणाले. “माणसं पाठवू नका. आमची बाई आहे.”

ते आत गेल्यावर मी लख्खबाईंना झाकण उघडून दाखवलं. पट्टी अंगठ्यानं काढली, बसवली. “रोज काढा, धुवा, परत लावा. पण परत लावा. हिच्याशिवाय मशीन चालवायचं नाही.”

त्यांनी डाव्या हातानं करून पाहिलं. एकदा, दोनदा. मग पट्टी हातात धरून तिथंच खाली बसल्या.

“जुनीला केस अडकायचे,” त्या हळूच म्हणाल्या. “वास यायचा. स्क्रू काढायला गेले, एका हातानं जमेना, तुटली. मला वाटलं, घाण धरायलाच ठेवलीये, नसली तर बरंच. नंतर मोटर जळली तेव्हा कळलं. तेव्हा सांगायची छाती झाली नाही. ताईंना कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.”

“ती पट्टी तिनं केलीये. तुमच्या हाताच्या मापाची. शेवटची एक कड फक्त माझी.”

लख्खबाई पदरानं पट्टी पुसत राहिल्या, ती कोरडी होती तरी. “मी परवा येणारच होते त्यांना सांगायला. चूक माझी आहे आणि तुम्ही मला वाचवलंत, एवढंच बोलायचं होतं. राहिलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमचं नसेल राहिलं. तुम्ही तर लेक.”

आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती. ओरडणं होतं, चिडवणं होतं, टेम्पोत गरम ठेवलेला डबा होता. वाचलेल्या पुस्तकांतून मला अशा प्रसंगी बोलायची शेकडो वाक्यं पाठ होती, आणि त्यातलं एकही आईच्या मापाचं नव्हतं.

“द्या जरा,” मी म्हणाले आणि दांडा हातात घेतला.

व्हरांड्याचं दुसरं टोक राहिलं होतं. मी मशीन चालू केलं. माणसं मागं राहिली. आवाज मोठा होता, त्यात काहीही बोललं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं, आणि म्हणूनच मी काही बोलले नाही. भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. पाणी वर जात होतं आणि आत कुठंतरी हवेपासून सुटून टाकीत पडत होतं, बारीक पावलांसारखा आवाज करत. बाबा दाराशी उभे होते. त्यांच्या समोर येऊन मी मशीन बंद केलं.

सगळं एकदम शांत झालं. म्हातारी माणसं माझ्याकडे बघत होती, लख्खबाई बघत होत्या. त्या शांततेत मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले,

“आई, तुझी मुलगी असणं मला फार आवडलं.”